खेळ तुझा राहू दे, सई

प्रिय सई,



दोन वर्षं स्पर्धांपासून लांब राहिल्यावर चोविसाव्या वर्षी पुन्हा उतरावं का, की आता उशीर झाला, असं तू विचारलंस. 'छे गं, उशीर कसला' असं एका ओळीत कळवून मोकळं होता आलं असतं. पण तुला नुसता धीर नको आहे, उत्तर हवं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. आणि हे उत्तर द्यायला मी किमिको दातेला मदतीला घेतेय. टेनिस सोडणं आणि टेनिसकडे परत येणं, या दोन्ही गोष्टी तिच्याइतक्या मनापासून केलेली दुसरी खेळाडू मला माहीत नाही.

तुमच्या पिढीला जपानचं टेनिस म्हटलं की नाओमी ओसाका आठवते. त्याच्या कितीतरी आधी दाते होती. २८ सप्टेंबर १९७० चा तिचा जन्म, गाव क्योटो. सहाव्या वर्षी तिने रॅकेट धरली आणि १९८९ मध्ये, शाळा संपता संपता ती व्यावसायिक झाली. उंची १६३ सेंटिमीटर, म्हणजे तुझ्यापेक्षा थोडी कमीच. जन्माने डावखुरी, पण टेनिस उजव्या हाताने खेळायची. सर्व्हिस बेताची. अशी मुलगी जगातल्या पहिल्या चार जणींत पोचली ती एका फटक्याच्या जोरावर. तू खेळाडू आहेस म्हणून तो जरा नीट सांगते.

टप्पा पडला की चेंडू वर चढतो, सगळ्यांत वर पोचतो आणि मग उतरायला लागतो. बहुतेक खेळाडू तो वर पोचण्याची किंवा जरा खाली येण्याची वाट बघतात. तोवर त्याचा वेग थोडा मोडलेला असतो आणि पाय लावायला वेळ मिळतो. दाते वाट बघायचीच नाही. बेसलाइनवर, कधी बेसलाइनच्याही आत उभी राहून, टप्पा पडल्या पडल्या, चेंडू चढत असतानाच ती तो घ्यायची. रॅकेट मागे जेमतेम जायची. फटका सपाट, स्पिन नावापुरती. समोरच्या मुलीने लावलेला जोर तिच्याच अंगावर उलटायचा आणि तिला जागेवर परत यायलाही वेळ उरायचा नाही. जपानमध्ये याला रायझिंग शॉट म्हणतात. याला दंडातली ताकद कमी लागते. लागते ती नजर आणि लागतात ते पाय. चेंडू कुठे पडणार हे समोरच्या रॅकेटवरून तो सुटतानाच कळावं लागतं. क्षणभर चुकलं की चेंडू फ्रेमला लागून गॅलरीत जातो. म्हणूनच हा फटका शिकवायला फारसं कुणी धजावत नाही.

या फटक्यावर तिने काय काय मिळवलं बघ. १९९४ मध्ये सिडनीची स्पर्धा जिंकली आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी गाठली. जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत येणारी ती पहिली जपानी खेळाडू. १९९५ मध्ये फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी आणि नोव्हेंबरात क्रमवारीत चौथा क्रमांक. मग १९९६. त्या एप्रिलमध्ये टोकियोच्या आरिआके स्टेडियममध्ये फेड कपसाठी जर्मनीचा संघ आला होता, आणि जर्मनी म्हणजे स्टेफी ग्राफ. दातेने ग्राफला ७-६, ३-६, १२-१० असं हरवलं. सव्वातीन तासांहून जास्त चाललेला सामना. जपानने ती लढत ३-२ अशी जिंकली. दोनच महिन्यांनी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. पहिला सेट ग्राफने ६-२ घेतला, दुसऱ्यातही ती २-० पुढे होती. तिथून दातेने ओळीने सहा गेम घेतले. एकेक सेट झाला आणि अंधार पडला. सामना दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाला तेव्हा ग्राफने तिसरा सेट ६-३ असा जिंकला. अंधार पडला नसता तर काय झालं असतं, याची चर्चा अजून चालते. विम्बल्डनची उपांत्य फेरी खेळणारी ती पहिली जपानी महिला होती. ऑगस्टमध्ये तिने सॅन डिएगोची स्पर्धाही जिंकली.

आणि सप्टेंबरात तिने निवृत्ती जाहीर केली. नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये हंगामाची शेवटची स्पर्धा खेळून ती थांबली. वय फक्त सव्वीस. पहिल्या दहांत असलेली, दुखापतीने अंथरुणाला न खिळलेली, पुढची निदान पाच वर्षं हातात असलेली मुलगी थांबली.

तेव्हा कुणालाच हे पटलं नव्हतं. नंतरच्या मुलाखतींतून तिने जे सांगितलं त्याचा गाभा साधा आहे. त्या वर्षांत तिला दौऱ्यावरचं आयुष्य आवडत नव्हतं. आज या देशात, पुढच्या आठवड्यात त्या देशात, परकं जेवण, परकी भाषा, एकटेपणा आणि जपानी पत्रकारांचा सतत वेढा. जिंकली तर ती देशाची, हरली तर तो देशाचा अपमान. मन सारखं घराकडे ओढ घेत होतं. चेंडू लवकर घेणाऱ्या या मुलीला कोर्टाबाहेर श्वास घ्यायलाही वेळ मिळत नव्हता.

इथे थांबून तुझ्याबद्दल बोलते. तू बाविसाव्या वर्षी थांबलीस तेव्हा सगळ्यांनी खांद्याचं कारण पुढे केलं, कारण ते सांगायला सोपं होतं. खांदा दुखत होताच. पण तू पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून मी बघत आले, प्रत्येक सामना हरलीस की तू आधी दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, तोंडाकडे बघायचीस. दादाने एफडी मोडलेली तुला ठाऊक होतं. वहिनी रजा टाकून सेकंड क्लासने तुझ्याबरोबर गावोगाव फिरली, स्टेशनावर बसून तुझ्यासाठी डबे उघडले, तेही तुला ठाऊक होतं. त्या दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. दादा-वहिनीची माया खरी आहे आणि कष्टही खरे आहेत. पण कोर्टवर उतरताना तुझ्या डोक्यात हिशेबाची वही उघडलेली असायची. प्रत्येक डबल फॉल्टला त्यात एक आकडा वाढायचा. अशा मुलीचा खांदा दुखला नाही तरच नवल.

म्हणून तू थांबलीस ते बरोबर केलंस, असं मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. 'एवढा खर्च वाया गेला' असं म्हणणारे नातेवाईक तेव्हा होते, तू परत उतरलीस तर 'आता काय उपयोग' म्हणणारेही तेच असतील. दातेचं १९९६ मध्ये थांबणं हे तिच्या यशाला लागलेलं गालबोट मानणारे लोक पुष्कळ होते. मला ते तिचं सर्वांत धाडसी काम वाटतं. जी गोष्ट सगळं जग तुझ्याकडून मागतंय ती 'आता नाही' म्हणून खाली ठेवायला छाती लागते.

पुढची अकरा वर्षं ती काय करत होती? टेनिसचं समालोचन केलं. लहान मुलांना टेनिस शिकवण्याचे वर्ग घेतले. २००१ मध्ये मायकेल क्रुम या जर्मन रेसिंग ड्रायव्हरशी लग्न केलं. २००४ ची लंडन मॅरेथॉन धावली. म्हणजे शरीर तिने सोडलं नव्हतं, स्पर्धा सोडली होती. रोज कुणाला तरी उत्तर देण्याची बांधिलकी तिने सोडली होती. एवढ्या वर्षांत परतण्याचा बेत असल्याचा गाजावाजा तिने केला नाही.

मार्च २००८ मध्ये टोकियोत एक प्रदर्शनीय सामना ठरला. ग्राफ, मार्टिना नवरातिलोव्हा आणि दाते. त्यासाठी ती महिनोन् महिने सराव करत राहिली आणि त्या सरावातच तिला खेळ पुन्हा आवडायला लागला. नवऱ्यानेही उत्तेजन दिलं. एप्रिलमध्ये तिने जाहीर केलं की आपण परत येतोय. वय सदतीस. जपानमधल्या तरुण मुलींसमोर काहीतरी ठेवावं, असा हेतू तिने सांगितला. क्रमवारीत नाव कुठेच नव्हतं. एकदा जगात चौथी असलेल्या बाईला शून्यापासून सुरुवात करायची होती.

ती सुरुवात कुठे झाली हे मी तुला मुद्दाम सांगते. गिफू नावाच्या जपानी गावातली आयटीएफ स्पर्धा. तुला माहीत असलेल्या स्पर्धांसारखीच, छोटं बक्षीस असलेली. पात्रता फेरीपासून खेळत ती एकेरीच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि थायलंडच्या तामारिन तानासुगर्नकडून हरली. दुहेरीत मात्र जिंकली. त्या दुहेरीत तिची जोडीदार कुरुमी नारा होती, सोळा वर्षांची. दाते व्यावसायिक झाली तेव्हा या मुलीचा जन्मही झालेला नव्हता. त्या वर्षअखेरीस दातेने जपानची राष्ट्रीय स्पर्धा एकेरीत आणि दुहेरीत जिंकली. जानेवारी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला गेली ती पात्रतेचे तीन सामने जिंकून. मुख्य फेरीत काइया कानेपीने तिला तिसऱ्या सेटमध्ये ८-६ असं हरवलं.

मधल्या काळात टेनिस पार बदललं होतं. ती गेली तेव्हा बहुतेकांच्या रॅकेटला नैसर्गिक गट किंवा मऊ तारा असायच्या. ती आली तेव्हा पॉलिएस्टरच्या तारा सगळीकडे पसरल्या होत्या. या तारांनी चेंडूला जबरदस्त टॉपस्पिन देता येते, कितीही जोरात मारला तरी तो कोर्टात उतरतो आणि टप्पा पडून खांद्यापर्यंत उसळतो. मुली उंच झाल्या होत्या, सर्व्हिस जड झाल्या होत्या. १६३ सेंटिमीटरच्या बाईने खांद्यावरून येणारे चेंडू दिवसभर परतवले तर तिचे हात तुटतील. यावर तिचा उपाय तोच जुना होता. चेंडूला खांद्यापर्यंत चढूच द्यायचं नाही. आधीच घ्यायचा. नव्या टेनिसची जी ताकद होती ती तिने पूर्ण उलगडूच दिली नाही. तिच्या सपाट, खालून सरपटत जाणाऱ्या फटक्यांची सवय नसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुली अक्षरशः गोंधळून जायच्या. आणि नजर व पाय ही दोन्ही भांडवलं अशी, की काळजी घेतली तर दंडापेक्षा जास्त काळ टिकतात.

२७ सप्टेंबर २००९ रोजी सोलमध्ये तिने अनाबेल मेदिना गारिगेसला ६-३, ६-३ असं हरवून स्पर्धा जिंकली. दुसऱ्या दिवशी ती एकोणचाळीस वर्षांची झाली. डब्ल्यूटीए एकेरीत तिच्याहून जास्त वयात विजेतेपद मिळवलेली एकच बाई, बिली जीन किंग, १९८३ मध्ये बर्मिंगहॅमला. दातेची एकेरीची एकूण आठ विजेतेपदं. पहिली सात पहिल्या कारकिर्दीतली, आठवं तेरा वर्षांनी. २०१० मध्ये फ्रेंच ओपनला पोटरी दुखत असताना तिने नववं मानांकन असलेल्या दिनारा साफिनाला तीन सेटमध्ये घरी पाठवलं. त्याच वर्षी टोकियोत चाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मारिया शारापोव्हाला हरवलं, आणि पुढच्या महिन्यात ओसाका शहरात सामंता स्टोसरला. क्रमवारीत ती पुन्हा पहिल्या पन्नासांत आली.

जमलं तर २०११ च्या विम्बल्डनमधला तिचा आणि व्हीनस विल्यम्सचा सामना शोधून बघ. दुसरी फेरी, सेंटर कोर्ट, बाहेर पाऊस म्हणून वरचं छत बंद. दाते चाळीस वर्षांची, व्हीनस एकतीसची आणि पाच वेळची विजेती. दातेने पहिल्या सेटमध्ये ५-१ अशी आघाडी घेतली. व्हीनसने ती भरून काढली, तरी टायब्रेक दातेनेच जिंकला. तू स्कोअरकडे बघू नकोस, तिच्या पायांकडे बघ. व्हीनस सर्व्हिसला चेंडू वर फेकते त्या क्षणी दाते पुढे सरकलेली असते. रिटर्न मारतेच ती पुढे येत येत, आणि पुढच्या फटक्याला नेटजवळ. एवढ्या जोरकस सर्व्हिसपुढे कुणीही दोन पावलं मागे सरेल. ती मागे सरतच नाही. दुसरा सेट व्हीनसचा, तिसरा ८-६ असा व्हीनसचा. जवळजवळ तीन तास. सामना संपला तेव्हा अख्खं सेंटर कोर्ट उभं होतं, आणि नेटपाशी आलेल्या दातेच्या चेहऱ्यावर १९९६ मधला ताण कुठेही दिसत नव्हता. मी हा सामना घरी टीव्हीसमोर बसून पाहिला आणि त्या दिवसापासून ही बाई माझ्या मनातून गेली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. २०१३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तिने बारावं मानांकन असलेल्या नादिया पेट्रोव्हाला ६-२, ६-० असं हरवलं. त्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी ती सर्वांत वयस्क महिला ठरली. त्याच वर्षी विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सने तिला ६-२, ६-० असं धुतलं. २०१४ मध्ये अमेरिकन ओपनच्या दुहेरीत ती उपांत्य फेरीपर्यंत गेली. या सगळ्या ठळक विजयांच्या मधे पहिल्या फेरीतले पराभव खूप होते. ती हरायची, बॅग भरायची आणि पुढच्या गावी पात्रता फेरी खेळायला जायची. जो दौरा सव्विसाव्या वर्षी नकोसा झाला होता तोच चाळिसाव्या वर्षी तिने आनंदाने केला. हॉटेलं तीच होती, विमानतळ तेच होते. बदलली होती ती फक्त तिची बाजू. आता तिच्याकडून कुणाला काही येणं नव्हतं. जिंकणं हा हप्ता राहिला नव्हता.

लोक तिची गोष्ट वयाची गोष्ट म्हणून सांगतात. जिद्द असली की वय आडवं येत नाही, वगैरे. सई, वय आडवं येतं. २०१६ मध्ये डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, एक वर्षाहून अधिक काळ ती बाहेर होती. २०१७ मध्ये गिफूलाच ती परत उतरली आणि त्या सप्टेंबरमध्ये टोकियोत अलेक्झांड्रा क्रुनिचकडून ०-६, ०-६ अशी हरून तिने कायमची निवृत्ती घेतली. सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाला काही दिवस बाकी होते. एकही गेम नाही. स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर. पहिल्या कारकिर्दीतल्या दातेला असा निरोप सोसला नसता, असं मला वाटतं. दुसऱ्या कारकिर्दीतली दाते तो स्कोअर घेऊन लोकांसमोर उभी राहिली, सगळ्यांचे आभार मानले आणि घरी गेली. तिच्या गोष्टीतून मी वयाबद्दल काही घेत नाही. मी एवढंच घेते की खेळ स्वतःचा असेल तर ०-६, ०-६ सुद्धा झेपतं, आणि तो दुसऱ्या कुणाचा असेल तर विम्बल्डनची उपांत्य फेरीही जड होते.

आता तिच्यात आणि तुझ्यात काय फरक आहे तेही स्पष्ट सांगते. परतताना तिच्याकडे नाव होतं, पैसा होता, प्रायोजक होते. आयोजक तिला हौसेने बोलवायचे, कधी वाइल्ड कार्ड मिळायचं. तुझ्याकडे यातलं काही नाही. तुझा हिशेब तूही जाणतेस. १५ हजार डॉलरच्या आयटीएफ स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हातात दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. त्यात विमान सोडच, आठवड्याचं हॉटेल निघत नाही. डब्ल्यूटीएच्या एकेरीच्या यादीत नुसतं नाव दिसायला निदान तीन स्पर्धांत गुण किंवा एकूण दहा गुण लागतात. गटिंग, बूट, फिजिओ, प्रवास, कोचची फी, हे सगळं खिशातून. 'मनापासून खेळ, पैसे आपोआप येतील' असं मी तुला कधीच सांगणार नाही. बहुतेकींच्या वाट्याला ते येत नाहीत.

पण सगळे दरवाजे एकाच वयात बंद होतात हेही खरं नाही. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला गेली, कॉलेजचं टेनिस खेळली, परत येऊन व्यावसायिक स्पर्धांना भिडली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. तिचा जोडीदार रोहन बोपण्णा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर चारच महिन्यांत त्याने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि दुहेरीच्या क्रमवारीत अव्वल झाला. दुहेरीत नजर, हात आणि डोकं जास्त लागतं, धावणं कमी. तुझी व्हॉली कायम तुझ्या सर्व्हिसपेक्षा चांगली होती, हे लक्षात ठेव.

उशीर झाला का, याचं माझं उत्तर हे असं आहे. चोवीस हे वय उशिराचं नाही. पण तू हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेव. पहिला प्रश्न हा, की तू परतलीस तर तो खेळ कुणाचा असेल?

हा प्रश्न घेऊन बसायला वेळ घे. मी तुला मदत म्हणून फक्त एक गोष्ट सांगते. दिवाळीत तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा खाली पार्किंगच्या भिंतीवर वॉचमनच्या मुलाला बॉल मारायला शिकवत होतीस. मी वर गॅलरीत होते. थोड्या वेळाने त्याची आई त्याला जेवायला बोलवायला आली, तो गेला. तू तिथेच थांबलीस. त्याची ती प्लॅस्टिकची रॅकेट घेऊन भिंतीवर मारत राहिलीस. आधी लांबून, मग एकेक पाऊल पुढे येत, शेवटी भिंतीपासून हातभर अंतरावर, टप्पा पडायच्या आत. खांदा हलका होता, मान मोकळी होती. तुला कुणी बघत नव्हतं. इतक्या वर्षांत तुझे एवढे सामने बघितले, पण तुला तसं खेळताना मी कधीच पाहिलेलं नव्हतं.

परत उतरायचं ठरवलंस तर असं उतर. आणि तीन गोष्टी आधीच ठरवून टाक. एक, नोकरी लगेच सोडू नकोस. सहा महिने सकाळी सराव कर, खांदा चांगल्या फिजिओला दाखव, सुट्टी टाकून डेक्कन जिमखाना किंवा बालेवाडीला जवळच्या स्पर्धा खेळ. तिथल्या पात्रता फेरीत सकाळी सात वाजता, समोर कुणी नसताना, सतरा वर्षांच्या मुलीकडून हरणं तुला झेपतं का ते बघ. दातेनेही गिफूला पात्रता फेरीपासूनच सुरुवात केली होती. दोन, खर्चाला वर्षाची एक मर्यादा ठेव, आणि तो पैसा तुझ्या पगारातला असू दे. दादाने द्यायला काढला तरी घेऊ नकोस. तीन, कधी थांबायचं ते कुणाला विचारून ठरवू नकोस. सव्विसाव्या वर्षी थांबावंसं वाटलं तर थांब, छत्तिसाव्या वर्षी वाटलं तर तेव्हा थांब.

आणि या सहा महिन्यांत तुला असं लक्षात आलं की नाही, मला स्पर्धा नको आहेत, मला फक्त भिंतीवर बॉल मारायला आवडतं, मुलांना शिकवायला आवडतं, तर तेही पूर्ण उत्तर आहे. दातेही निवृत्त झाल्यावर योनेक्सबरोबर जपानमधल्या ज्युनिअर मुलींना घडवण्याच्या कामाला लागली. ग्रँडस्लॅम खेळू पाहणाऱ्या पोरींबरोबर ती कोर्टवर उभी राहते. तिच्या आयुष्यातला तो भाग मला तिच्या सोलच्या विजेतेपदाइतकाच मोलाचा वाटतो. खेळाशी नातं ठेवायला क्रमवारी लागत नाही.

राहता राहिला तुझा खरा धाक. दादाला काय वाटेल हा. 'पुन्हा सुरू करते' म्हटलं तर त्याच्या डोळ्यांत आशा येईल आणि ती तुझ्या खांद्यावर बसेल, 'नाही करत' म्हटलं तर तो गप्प होईल. दोन्ही तुला सोसत नाही. तर ते काम माझ्याकडे दे. तो माझा सख्खा भाऊ आहे, त्याला मी तुझ्या कितीतरी आधीपासून ओळखते. रविवारी मी त्याच्याकडे जातेय. त्याला सांगणार आहे की सई टेनिससाठी आपल्या घराचं जे काही देणं लागते असं तिला वाटतं, ते सगळं फिटलंय. एफडी, रजा, सेकंड क्लासची तिकिटं, सगळं. आता ती खेळेल किंवा खेळणार नाही, आणि आपण दोघांनी तिला यातलं काहीही विचारायचं नाही, फक्त सामना असला आणि तिने बोलावलं तर जाऊन टाळ्या वाजवायच्या. तो ऐकेल. थोडा वाद घालेल, पण ऐकेल.

तू निवांत ठरव. उत्तर मलाही लगेच कळवायची गरज नाही.

तुझी,
आत्या